बॅक बेच्या वाळूतला गुरुवार

वेंगुर्ल्याच्या बंदरावर या. ट्रॉलर विसरा, डिझेलचा वास विसरा. साल 1857, जानेवारी. डचांची वखार आहे, डच कधीच गेले. 1812 पासून इथे इंग्रजांचा अंमल. बेळगावच्या छावणीचा माल इथे उतरतो आणि घाट चढतो. तुम्ही मात्र नारळ-काथ्या भरलेल्या फत्तेमारीत बसून मुंबईला निघालात. दिवसा उत्तरेचा वारा तोंडावर येतो, म्हणून तांडेल रात्रीच्या मतलईची, जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्याची, वाट बघतो. पोचायचंय ते 15 तारखेच्या आत, म्हणजे गुरुवारच्या आत; त्या दिवशी तिथे भर किनाऱ्यावर धर्माचा जाहीर वाद सुरू होणार आहे.

देव आहे की नाही यावर टीव्हीच्या चौकटीतून एकमेकांवर ओरडणारी माणसं तुम्ही पाहिलीत. इथे माईक नाही, निवेदक नाही. मुंबईत बॅक बेच्या पुळणीवर तुम्ही उभे आहात, मरीन ड्राइव्ह कुणाच्या स्वप्नातही नाही. ऊन उतरतंय, समोर पगड्या, पागोटी, टोप्या. मागच्याला ऐकू जायचं तर बोलणाऱ्याने छाती फोडून बोलायचं, आणि वारा समुद्रावरून आला की अर्धं वाक्य गिरगावात जातं.

मधोमध उभे आहेत विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे विष्णू भिकाजी गोखले, कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे. वय एकतीस. कस्टम खात्यातली नोकरी सोडून सप्तशृंगीवर तप केलं, आता वेदोक्त धर्म सांगत फिरतात. समोर मिशनरी. त्यांच्यातल्या एकाकडे नीट बघा : जॉर्ज बोवेन, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याचा मुलगा, चाळिशीतला. मिशनचा पगार नाकारून हा बाजारात गरिबीत राहतो आणि रस्त्यावर मराठीतून उपदेश करतो. गंमत म्हणजे या गर्दीत नास्तिकपणा आतून ओळखणारा माणूस तोच. तरुणपणी त्याचा देवावर विश्वास नव्हता. ज्या मुलीवर जीव होता ती 1844 साली गेली, जाताना आपलं बायबल त्याच्यासाठी ठेवून. चार वर्षांनी हा मुंबईत उतरला.

म्हणजे वाद देव आहे की नाही याचा नाहीच. दोन्ही बाजूंना तो कबूल आहे. भांडण आहे ते तो कसा आहे आणि कुणाच्या ग्रंथात आहे याचं. त्या काळच्या हिंदू-मिशनरी वादांचे मुद्दे ठरलेले असत : पाप आलं कुठून, अवतार एकच की अनेक, ख्रिस्ताचा चमत्कार खरा तर कृष्णाचा खोटा कसा? 1831 मध्ये मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांच्यातही हेच वाजलं होतं. मला विचाराल तर या असल्या वादात नास्तिकाला फारसं काम उरत नाही. तो गप्प बसला तरी एकाच्या देवाचं खंडन दुसरा करतोच, आणि तेही फुकट.

शेजारचा खलाशी वेंगुर्ल्याचाच निघतो. टाळ्या पडतात तसा तो तुमच्याकडे वळतो. "बामणान पाद्र्याक गप केल्यान!" मग जरा थांबून, "पण बामणाक गप कोण करतलो?"

असे गुरुवारमागून गुरुवार जातात. मे उजाडतो, मेरठच्या शिपायांच्या बंडाची बातमी येते, आणि जमाव दिसला की आता सगळेच जरा दचकतात. 28 मेचा गुरुवार शेवटचा. या वादांवरचं बोवेनचं इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी निघेल. 'समुद्रकिनारीचा वादविवाद' मराठीत यायला 1872 उजाडेल, आणि बुवा त्याच्या आदल्याच वर्षी गेलेले असतील. त्याआधी, 1867 साली, हेच बुवा एका निबंधात लिहितील की सगळी प्रजा एक कुटुंब मानावी, जमीन सामायिक असावी, अन्नवस्त्र सगळ्यांना मिळावं. माझ्या मते पुळणीवरच्या सगळ्या खंडनमंडनापेक्षा ते अधिक धाडसाचं.

तुम्ही बंदरावर परत येता. पश्चिमेला ढग, आणि तांडेल रागावलेला. पाऊस धरायच्या आत गाव गाठायचंय. तुम्ही चढता चढता सांगू लागता, बुवा काय म्हणाले, पाद्री काय म्हणाला.

"कोण जिकलो ता वेंगुर्ल्याक जावन सांग," तो म्हणतो. "आदी शीड वड."