बिनबाह्यांचा सैल स्वेटर

बिनबाह्यांचा सैल स्वेटर हे सदरा, कुर्ता किंवा ब्लाउज यांवर घालण्याचे, लोकरीने विणलेले वस्त्र आहे. छाती व पाठ उबदार राहून हात मोकळे राहतात. थंडी दिवसभर टिकत नाही, अशा प्रदेशात हा प्रकार सोयीचा ठरतो.

महाड–पोलादपूर परिसर

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. हिवाळ्यात येथे पहाटे गारवा असतो, मात्र दुपारी ऊन तापते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सुमारे ४० किलोमीटरवर असलेले महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण ६.५ अंश सेल्सियसने उतरते, त्यामुळे एकाच प्रवासात सुमारे ८ अंशांचा फरक पडू शकतो. महाडहून वरंध घाटाने भोरकडे जातानाही हवा अशीच पालटते. अशा वेळी जाड, पूर्ण बाह्यांच्या स्वेटरपेक्षा सहज चढवता-उतरवता येणारा थर उपयोगी पडतो. कोकणात पावसात डोक्यावरून घेतली जाणारी घोंगडीची खोळ हीदेखील बाह्या नसलेलीच. मात्र घोंगडी मागावर विणतात, स्वेटर सुयांवर.

आराखडा

सैलपणा अंदाजाने सोडून चालत नाही, तो आधी आकड्यांत ठरवावा लागतो. त्यासाठी निवडलेल्या लोकरीचा व सुयांचा एक चौकोनी तुकडा विणून, धुऊन, वाळवून मग मोजतात. न धुता मोजलेला तुकडा फसवा असतो.

समजा, ८ नंबरच्या (४ मिलिमीटर) सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये २० टाके व २६ ओळी बसतात. छाती ९२ सेंटिमीटर असल्यास १६ सेंटिमीटर सैलपणा धरून घेर १०८ होतो. पुढचा भाग ५४ सेंटिमीटरचा, म्हणजे १०८ टाके. शिवणीचे दोन मिळवून ११०. पाठीचेही तेवढेच.

अवघड भाग मुंढ्याचा. घेर सैल असला तरी खांदा सैल ठेवल्यास तो दंडावर ओघळतो आणि आतील बाही चुरगळते. खांद्याची एकूण रुंदी ४२ सेंटिमीटर हवी असेल, तर दोन्ही बाजूंच्या २ सेंटिमीटरच्या पट्ट्या वजा जाता ३८ सेंटिमीटर, म्हणजे ७६ टाके उरले पाहिजेत. प्रत्येक बाजूचे १७ टाके कमी करताना आधी ७ टाके एकदम बंद करतात आणि उरलेले १० एकाआड एक ओळीत एकेक करून घटवतात. मुंढ्याची खोली २५ सेंटिमीटर, म्हणजे ६५ ओळी ठेवल्यास आतील बाही अडकत नाही. पुढील गळा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा करायचा असल्यास मुंढ्यापासूनच टाके दोन भागांत वाटून दर चौथ्या ओळीला गळ्याकडचा एक टाका घटवतात. चौदा वेळा घटवल्यावर दोन्ही खांद्यांवर २४–२४ टाके राहतात.

विणकाम

खालची पट्टी एक सुलट, एक उलट अशी १० नंबरच्या सुयांवर विणतात. भारतात रूढ असलेल्या मापात नंबर वाढला की सुई बारीक होते. पट्टी फार घट्ट झाली तर स्वेटर कमरेशी फुगतो. पुढे सुलट ओळीवर उलट ओळ अशी साधी वीण पुरते. शेवटी खांदे व बाजू शिवून गळ्याच्या व मुंढ्यांच्या कडेचे टाके उचलून पट्ट्या विणतात.

निगा

ओला लोकरी स्वेटर दोरीवर टांगल्यास स्वतःच्या वजनाने लांबतो, म्हणून तो सपाट पसरून वाळवतात. कोकणच्या दमट पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. घामाचे डाग राहिल्यास कसरही लागते, म्हणून उन्हाळ्यातच धुऊन, पूर्ण सुकवून तो बंद पिशवीत ठेवावा लागतो. बाजारात लोकर म्हणूनच विकल्या जाणाऱ्या ॲक्रिलिक धाग्याला कसर लागत नाही, पण तो लोकरीसारखा घाम शोषत नाही.