मधुमेहाच्या उपचारात नर्सची भूमिका: सिस्टरकडून काय शिकून घ्यावे?

मधुमेहाचे औषध डॉक्टर लिहून देतात. पण इन्सुलिन कसे भरायचे, सुई कुठे टोचायची, साखर अचानक उतरली तर काय करायचे, हे बहुतेक रुग्णांना शिकवते ती नर्स. म्हणून चिठ्ठी हातात आली की लगेच घरी निघू नका. दहा-पंधरा मिनिटे सिस्टरजवळ बसा.

नर्सचे शिक्षण किती असते?

आपल्याकडे नर्सिंगचे शिक्षण वेगवेगळ्या पातळ्यांवर होते. एएनएम हा २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा, तर बीएस्सी नर्सिंग हा ४ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यानंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. काही नर्स पुढे मधुमेह शिक्षणाचे वेगळे प्रशिक्षण घेऊन 'डायबेटिस एज्युकेटर' म्हणून काम करतात. मात्र प्रत्येक एज्युकेटर नर्स असतोच असे नाही. काही आहारतज्ज्ञही हे काम करतात.

सिरिंज आणि इन्सुलिनची जोडी तपासा

घरी होणारी सर्वांत धोकादायक चूक इथे होते. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते: एका मि.ली.मध्ये ४० युनिट आणि एका मि.ली.मध्ये १०० युनिट. ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची, तर १०० च्या बाटलीसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज वापरतात. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात १० ऐवजी २५ युनिट जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उलट गल्लत झाली तर १० ऐवजी फक्त ४ युनिट जातात. फक्त रंगावर विसंबू नका, बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा वाचा. नवी बाटली किंवा सिरिंज घेतली की सिस्टरला दाखवून घ्या.

सिस्टरसमोर स्वतः करून पाहा

नुसते ऐकून इंजेक्शन येत नाही. एकदा तुम्ही आणि एकदा घरातल्या एखाद्या व्यक्तीने सिस्टरसमोर सर्व करून दाखवा. पुढील गोष्टी विचारून घ्या:

- पोट, मांडी यांवर जागा कशी बदलत राहायची? एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे गाठ येते आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही.
- गढूळ दिसणारे इन्सुलिन हलवून न फेसाळता तळहातांत कसे फिरवायचे?
- बाटली कुठे ठेवायची? न उघडलेली फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये कधीही नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे.
- ग्लुकोमीटरवर तपासणी कधी करायची आणि वहीत काय लिहायचे?
- वापरलेल्या सुया कशात जमा करायच्या?

साखर उतरल्यास

घाम, थरथर, धडधड, अचानक भूक किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल, किंवा तपासणे शक्य नसेल, तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच १०८ वर फोन करा.

पायांची तपासणी

प्रशिक्षित नर्स तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवून संवेदना तपासू शकते. वर्षातून किमान एकदा ही तपासणी करून घ्या. चप्पल-मोजे काढायला संकोच करू नका. बधिर पायावरची जखम रुग्णाला कळतच नाही.

डॉक्टरांना कधी भेटावे?

नर्स तुमच्या नोंदी पाहून धोका ओळखते, परंतु औषध किंवा डोस बदलायचा असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. साखर वारंवार उतरत असेल, सतत खूप वाढलेली राहत असेल, उलट्या होत असतील किंवा पायाला जखम झाली असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. दवाखान्यात येताना नोंदींची वही, ग्लुकोमीटर आणि वापरात असलेली सिरिंज सोबत आणा.