सेटलमेंट : एका शब्दाचे दप्तर

मोल्सवर्थने आरंभिलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश ज्या 1847 साली प्रसिद्ध झाला, त्याच साली गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीचे व सारा-आकारणीचे नियम एका संयुक्त अहवालात ग्रथित केले, हा योगायोग मनोरंजक खराच. कारण पुढे ते नियम वेदगंगेपासून मलप्रभेपर्यंतच्या मुलखात लागू झाले, तेव्हा कचेरीतील कारकुनापुढे 'सेटलमेंट' हा बहुरूपी शब्द येऊन उभा ठाकला.

फ्रेंच भाषांतरकाराचीही या शब्दापुढे अशीच त्रेधा उडते : हिशेबाचा निकाल असेल तर 'रेग्लमाँ', वसाहत असेल तर 'कोलोनी', आणि पुदुच्चेरी-माहेसारखे ठाणे असेल तर 'एताब्लिस्माँ'. आमच्या कारकुनाने मात्र कोशापेक्षा जुन्या दप्तरावर अधिक भिस्त ठेवली. बंगालची ती 'कायमधारा', आमच्याकडची तीस वर्षांच्या मुदतीची ती 'जमाबंदी'. आणि जमिनीचा मगदूर आण्यांच्या मापाने ठरवून शेतवार सारा ज्यात मांडला, तो कागद 'आकारबंद'. अर्धा संस्कृत, अर्धा फारसी असा हा शब्द भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांस रुचणार नाही. पण शंभराहून अधिक वर्षे त्याने रयतेचे काम चोख बजावले आहे.

सर्वच अर्थांना असे सुदैव लाभले नाही. 1871 पासून चालत आलेल्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले, ती 'सेटलमेंट' भाषांतरावाचूनच राहिली. 'वसाहत' हा सालस शब्द त्या तारेला शोभला नसता. कायदा 1952 साली रद्द झाला. सोलापूरकरांच्या तोंडून 'सेटलमेंट' हा शब्द मात्र गेलेला नाही.

'बंदोबस्त' या शब्दाचे तर रूपांतरच झाले. एके काळी महसुलाच्या व्यवस्थेस लावला जाणारा हा शब्द आज पोलिसांच्या काठीला चिकटला आहे, आणि 1956 साली बेळगावचा प्रदेश म्हैसूर राज्यात गेल्यापासून मराठीभाषकांच्या 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनी बेळगावकर तो प्रत्यक्ष पाहतात.

उरला वादाच्या सेटलमेंटचा अर्थ. 'तडजोड' म्हणावे तर सीमाभागात त्या शब्दाला शरणागतीचा वास येतो. 'निकाल' म्हणावे तर सीमावादावरील महाजन आयोगाने 1967 साली निपाणी व खानापूर महाराष्ट्राला देण्याची, पण बेळगाव म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली, ती महाराष्ट्राने नाकारली. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दरम्यान निपाणीच्या शेतकऱ्याचे जमिनीचे कागद कन्नडमध्ये निघतात. त्यांतही 'आकारबंद' हा शब्द मात्र तोच आहे.