ध्रुवपदाची खूण

श्रोतेहो, एकादशीच्या भजनात आपण नेहमी पाहतो, बुवा एक चरण म्हणतात आणि टाळकरी लगेच ध्रुवपद उचलतात. पुन्हा नवा चरण, पुन्हा तेच ध्रुवपद. पण गाथेत ते किती वेळा लिहिलेले असते? एकदाच! तुकोबांची गाथा उघडून पाहा. पहिल्या चरणापुढे १ चा आकडा, नंतरच्या ओळीपुढे ‘ध्रु.’ ही चिमुकली खूण, आणि मग २. ध्रुव म्हणजे अढळ. बाकीचे चरण येतात नि जातात. हे पद जागेवरच राहते. फिरून फिरून त्याच्याकडे यायचे, एवढेच ती खूण सांगते.

ही चाल जुनी बरं का. बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तही दर गीताला ध्रुवपद आहे. पुढे आपल्या नामदेवांची पदे पंजाबात रुजली. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदे घेतली. तिथे पालुपदापाशी ‘रहाउ’ असे लिहितात. रहाउ म्हणजे थांबा. शब्द निराळा, काम तेच.

युरोपात स्वर पाच आडव्या रेघांवर लिहितात. तिथे दुहेरी उभ्या रेघेपाशी दोन ठिपके दिसले की तेवढा भाग पुन्हा वाजवायचा. ‘दा कापो’ हे इटालियन शब्द दिसले की थेट आरंभाकडे वळायचे.

आपल्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांतल्या चिजा मोठ्या खटपटीने मिळवून स्वरलिपीत छापल्या. स्थायी-अंतरा वेगळे मांडले, समेला फुली नि खालीला शून्य दिले. पण अंतरा संपवून मुखड्यावर नेमके कसे परतायचे, ते शिष्य गुरूपुढे बसूनच शिकतो.

शिक्षकबंधूंनो, खरी गोम इथेच आहे. खुणेने कागद वाचतो, पण ती जाणणारा माणूस लागतो. नक्कल करणाराने ती दोन अक्षरे गाळली, तर कोणती ओळ फिरून म्हणायची हे पुढच्याला कळावे कसे? आणि खूण असूनही वर्गात अभंग वरपासून खालपर्यंत एका दमात वाचला, तर अर्थ हाती येतो, गाणे निसटते.

म्हणून एक करून पाहा. निम्म्या मुलांना चरण द्या, निम्म्यांना ध्रुवपद. ‘ध्रु.’ म्हणजे काय, हे मग फळ्यावर लिहावे लागणार नाही.