इम्फाळ–मोरेह महामार्ग : 110 किलोमीटर रस्ता आणि एक फाटक

मणिपूरची राजधानी इम्फाळ ते म्यानमारच्या सीमेवरचं मोरेह, असा राष्ट्रीय महामार्ग 102 जेमतेम 110 किलोमीटरचा आहे. भारतातून जमिनीवरून आग्नेय आशियात जायचा मुख्य रस्ता मात्र हाच. जुन्या कागदपत्रांत तो राष्ट्रीय महामार्ग 39 चा शेवटचा टप्पा म्हणून सापडतो. आशियाई महामार्ग 1 मध्येही तो मोडतो. (मोरेह हे गावाचं नाव, आपल्याकडच्या मोरे आडनावाशी त्याचा काही संबंध नाही.)

इम्फाळ सोडल्यावर थौबल, खोंगजोम, पल्लेलपर्यंत भातशेतीतून सपाट रस्ता. पल्लेलनंतर घाट लागतो. तेंगनौपालच्या डोंगरावर चढून गाडी पलीकडं मोरेहला उतरते. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की डोंगरातल्या गावांचा बाजार, दवाखाना, कॉलेज सगळंच अडतं, कारण दुसरा धड रस्ता नाही.

ही वाट नवी नाही. एप्रिल 1891 मध्ये मणिपूरवर चाल करून आलेली इंग्रजांची एक तुकडी म्यानमारच्या बाजूच्या तामूहूनच निघाली होती; तिला मणिपुरी सैन्यानं खोंगजोमला अडवलं. 1942 मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तेव्हा हजारो भारतीय तामूमार्गे पायी इकडं आले. 1944 मध्ये पल्लेल आणि तेंगनौपालच्या परिसरात महिनोन्‌महिने लढाई चालली. आझाद हिंद सेनेचे जवानही पल्लेलजवळ लढले.

मोरेहची वस्ती या रस्त्यानंच घडवली. कुकी, मैतेई, नेपाळी, पंजाबी, मारवाडी आणि तमिळसुद्धा. 1962 मध्ये ब्रह्मदेशात लष्करी राजवट आली, भारतीयांची दुकानं-धंदे सरकारजमा झाले आणि अनेक कुटुंबांना तो देश सोडावा लागला. त्यांतली काही तमिळ माणसं परत ब्रह्मदेशात जायच्या प्रयत्नात सीमेवर अडकली आणि मोरेहलाच राहिली. गावात त्यांचं मंदिर आहे, तमिळ संगम आहे. आपल्या राज्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या भाषा सांभाळणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता व्यापाराचा हिशोब. जानेवारी 1994 मध्ये भारत आणि म्यानमारमध्ये सीमा व्यापाराचा करार झाला आणि एप्रिल 1995 मध्ये मोरेहहून व्यवहार सुरू झाला. सुरुवातीला 22 वस्तूंची यादी होती, 2008 मध्ये ती 40 वर आणि 2012 मध्ये 62 वर गेली. पद्धत मालाच्या बदल्यात मालाची. यादीबाहेरचा माल मात्र डोक्यावरून, पाठीवरून यायचा, आणि बाजार चालायचा तो त्यावरच. डिसेंबर 2015 पासून अदलाबदल बंद करून नेहमीसारखी आयात-निर्यात लागू झाली. कागदावर ही सुधारणाच होती. पण बँक, परवाना आणि कस्टमच्या चक्रात छोटा व्यापारी बसत नाही. जानेवारी 2019 मध्ये मोरेहला एकात्मिक तपासणी नाकं उभं राहिलं. वर्षभरात कोरोना आला, मार्च 2020 मध्ये फाटक बंद झालं. फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारात लष्करानं सत्ता घेतली आणि व्यापाराची घडी परत बसलीच नाही.

फाटकापलीकडचा रस्ताही भारताच्याच पैशातून झालेला. तामू–कलेवा–कलेम्यो हा सुमारे 160 किलोमीटरचा मैत्री रस्ता सीमा रस्ते संघटनेनं बांधला. 2001 मध्ये तो सुरू झाला. 2002 मध्ये भारत, म्यानमार आणि थायलंड यांनी मोरेह ते थायलंडमधल्या माए सोतपर्यंत सुमारे 1,360 किलोमीटरच्या महामार्गाची कल्पना मांडली. त्यानंतर कित्येक मुदती ठरल्या आणि उलटल्या. सुमारे 70 टक्के काम झाल्याचं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै 2023 मध्ये सांगितलं होतं. उरलेल्यापैकी कलेवा–यागी हा टप्पा म्यानमारच्या यादवीत सापडलेल्या सागाइंग भागात आहे. म्हणजे अडचण निव्वळ डांबर-खडीची नाही. हाच मार्ग पुढं मंडालेवरून जातो, जिथल्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. गंमत म्हणजे म्यानमारात वाहनं उजव्या बाजूनं चालतात, भारतात आणि थायलंडमध्ये डाव्या. या महामार्गावर चालकाला दोनदा बाजू बदलावी लागेल.

अलीकडची गोष्ट मात्र गमतीची नाही. 3 मे 2023 रोजी मणिपुरात हिंसाचार उसळला. मोरेहमध्ये घरं, दुकानं जळाली, तिथले मैतेई गाव सोडून गेले. इम्फाळमधल्या कुकींनाही शहर सोडावं लागलं. पल्लेलचा सपाट रस्ता संपून डोंगर सुरू होतो, तिथंच दोन्ही समाजांमधली हद्द पडली. सीमेलगतच्या लोकांना व्हिसाशिवाय 16 किलोमीटरपर्यंत ये-जा करता यायची. ती सवलत बंद करत असल्याचं केंद्रानं फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलं, आणि 1,643 किलोमीटरच्या सगळ्या सीमेवर कुंपण घालायचंही ठरवलं. नंतर पास काढून 10 किलोमीटरपर्यंत जाण्याची सोय ठेवली गेली.

आपल्या भागात या सीमेची झळ पोचते ती सुपारीच्या भावातून. म्यानमारच्या बाजूनं चोरून येणाऱ्या स्वस्त सुपारीबद्दल कर्नाटकातले बागायतदार कित्येक वर्षं तक्रार करतायत. सुपारीवर 100 टक्के आयात शुल्क आहे, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये किमान आयात दर किलोला 251 वरून 351 रुपये केला गेला. पण हा दर लागू होतो तो कस्टमच्या फाटकातून येणाऱ्या मालाला.