हिशेब विचारण्याची जागा

नगरसेवकपदाला उभा राहणारा माणूस पत्रकावर दोन वाक्यं हमखास छापतो. एक, 'जनतेच्या पैशाचा योग्य विनियोग'. दुसरं, 'पारदर्शक कारभार'. पक्ष कुठलाही असो, ही दोन वाक्यं असतातच. आज आपण ती गंभीरपणे घेणार आहोत. ती आली कुठून, आणि आपल्या वसई-विरारमध्ये त्यांचा अर्थ काय होतो, हा आजचा विषय. आमचं शिक्षण तत्त्वज्ञानाचं, त्यामुळे शब्दाच्या अर्थापाशी आम्ही जरा जास्त रेंगाळतो. तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात मुंबईपासून करू. 1865 च्या कायद्याने मुंबई नगरपालिकेचे जवळजवळ सगळे अधिकार एका आयुक्ताच्या हाती आले. त्यांचं नाव आर्थर क्रॉफर्ड. माणूस कामाचा होता. रस्ते केले, शहराची स्वच्छता सुधारली, 1869 मध्ये मोठी मंडई उभी राहिली. पण खर्च उत्पन्नाच्या पुढे धावला आणि नगरपालिका कर्जात बुडाली. मग करदाते उठले. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक अशी मंडळी पुढे आली. 1871 मध्ये क्रॉफर्ड यांना जावं लागलं.

आता बघा, गोष्ट इथेच संपली असती. एक उधळा अधिकारी गेला, दुसरा काटकसरी आला. पण तेव्हा अवघ्या सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी प्रश्न वेगळ्या ठिकाणी नेला. त्यांनी क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली आणि सांगितलं की दोष माणसात शोधू नका, व्यवस्थेत शोधा. या आयुक्ताला विचारणारं, लोकांनी निवडलेलं कुणी आहे का? 1872 च्या कायद्यात 64 सभासदांपैकी निम्मे, म्हणजे 32, करदात्यांनी निवडावेत असं ठरलं. मुंबईत नगरसेवक हा जो निवडून येणारा प्राणी जन्माला आला, तो हिशेबाच्या भांडणातून. रस्ता बांधणं हे त्याचं मूळ काम नव्हतंच. रस्त्याला किती लागले हे विचारणं, हे त्याचं मूळ काम.

कल्पना त्याहून जुनी आहे म्हणा. प्राचीन अथेन्समध्ये पदावरून उतरणाऱ्या अधिकाऱ्याला हिशेब तपासून घ्यावा लागे, आणि कोणीही नागरिक त्याच्याविरुद्ध तक्रार मांडू शकत असे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात याचं वर्णन आहे.

पण मुंबईच्या या कथेत एक उणीव आहे. मतदार कोण? तर कर भरणारा. ज्याच्याकडे घरच नाही, त्याच्या गटाराचं काय? हा प्रश्न पुण्यात पुढे आला. महात्मा जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चाचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत पडलं एकट्या जोतीरावांचं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्यांना पैसा वाचवायचा नव्हता, योग्य ठिकाणी घालवायचा होता. काटकसर आणि जबाबदारी यांत फरक आहे तो हाच. कमी खर्च करणारी नगरपालिका जबाबदार असतेच असं नाही. पाण्याची लाइन न टाकणं हीसुद्धा बचतच की! आणि गंमत बघा, क्रॉफर्ड यांच्या त्या मंडईला आज नाव आहे महात्मा जोतिबा फुले यांचं.

आता वसईला येऊ. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. गावांनी कडाडून विरोध केला. विवेक पंडित यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं आणि त्याच वर्षी ते वसईतून अपक्ष आमदार झाले. 2011 मध्ये सरकारने 29 गावं वगळायचं ठरवलं, पण प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं लांबलं.

या लढ्याकडे बहुतेक जण घरपट्टी आणि हिरवाई यांच्या अंगाने बघतात. ते खरंच आहे. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ग्रामपंचायतीत ग्रामसभा असते. तिच्यापुढे जमाखर्च ठेवावा लागतो. वाडीतली एखादी बाई उभी राहून सरपंचाला विचारू शकते, 'विहिरीचे पैसे कुठे गेले?' ग्रामसभेत सगळं आलबेल असतं असा आमचा दावा नाही. पण विचारायला जागा असते, तारीख असते. गाव महापालिकेत गेलं की ती बाई विचारणार कुठे? मुख्यालयाच्या पायरीवर?

नगरसेवक विचारेल, हे त्याचं उत्तर. बरं. 2015 च्या निवडणुकीत 115 पैकी 106 जागा एकाच आघाडीला मिळाल्या. लोकांनी दिलेला कौल आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढ्या मोठ्या बहुमतात स्वतःच्याच लोकांना हिशेब मागणारा नगरसेवक विरळा. मग जून 2020 मध्ये मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत प्रशासक. साडेपाच वर्षं सभागृहच नाही. पुन्हा 1865 म्हणा ना: आयुक्त आहे, विचारणारा नाही.

याची किंमत कोण मोजतं? नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने 2025 पर्यंत त्या पाडल्या गेल्या. शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. आरक्षणाचा नकाशा होता, पण तो घर घेणाऱ्याच्या हातात वेळेवर पोचला नाही. पारदर्शकता हा शब्द पुस्तकी वाटतो, पण तिथे तो डोक्यावरच्या छपराचा प्रश्न होता.

कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्राने माहितीचा अधिकार 2002 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. 2009 मध्ये राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे ग्रामसभेचंच शहरी रूप. ती बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली. पण कागदाबाहेर काही करता येतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. 2007 मध्ये जुहूच्या रहिवाशांनी ॲडॉल्फ डिसोझा यांना नागरिकांचा उमेदवार म्हणून उभं केलं आणि ते निवडून आले. निधी कुठे खर्चायचा, हे लोकांबरोबर बसून ठरवायचं, ही त्यामागची कल्पना होती.

तेव्हा उमेदवार दारात आला की 'तुम्ही प्रामाणिक आहात का?' असं विचारू नका. 'नाही' कोण म्हणणार? विचारा, क्षेत्रसभा कुठल्या मैदानात आणि कुठल्या महिन्यात घेणार? स्थायी समितीपुढचे खर्चाचे प्रस्ताव मंजुरीच्या आधी आम्हाला मराठीत वाचायला मिळतील का? प्रभागातल्या प्रत्येक कामावर रक्कम आणि ठेकेदाराचं नाव लिहिलेला फलक लागेल का? आता एका प्रभागात चार-चार नगरसेवक आहेत, तर चौघांपैकी उत्तर कोण देणार, तेही आधीच ठरवून घ्या. आणि निवडून आल्यावर, त्या तारखेला, त्या मैदानात आपणही जायचं. आपण गेलो नाही, तर तिथे रिकाम्या खुर्च्या मांडल्या जातील आणि सभा झाल्याची नोंद होईल.

इथे आम्ही थांबतो. आता तुम्ही विचारा.