ड्रेकोचा दगड

परवा इंग्रजीच्या तासाला ‘ड्रेकोनियन’ हे विशेषण आले. कायदा जाचक वाटला की वर्तमानपत्रे हटकून वापरतात तेच हे. फळ्यावर ‘अतिशय कठोर’ असा अर्थ लिहून मी पुढे निघालो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हा ड्रेको खरंच इतका दुष्ट होता?” ‘होता’ म्हणून मी मोकळा झालो. घरी पुस्तके उघडली, तेव्हा उत्तर घाईचे झाले हे कळले.

ड्रेको अथेन्सचा. इसवी सनापूर्वी ६२१ च्या सुमारास त्याने तेथील कायदे प्रथम लिहून काढले. तोवर कायदा म्हणजे उमराव घराण्यांनी मुखाने सांगावा तो. खुनाचा बदला घेणे हे तर नातलगांचेच काम. ड्रेकोने कायदा लेखी करून सर्वांसमोर ठेवला. शिक्षा मात्र भयंकर! आळसाला मृत्यू, भाजीपाला चोरणाऱ्यालाही मृत्यू, असे प्लुटार्क सांगतो. हे कायदे शाईने नव्हे, रक्ताने लिहिले आहेत, असे डिमेडीज नावाचा वक्ता म्हणाल्याचेही तोच नोंदवतो. परंतु प्लुटार्क ड्रेकोनंतर सुमारे सातशे वर्षांनी लिहीत होता, हे विसरता कामा नये.

इसवी सनापूर्वी ५९४ मध्ये सोलोनने ड्रेकोचे कायदे रद्द केले; ठेवला तो फक्त मनुष्यवधाचा. अथेन्सने इसवी सनापूर्वी ४०९ मध्ये तो पुन्हा दगडावर कोरविला. तो झिजका दगड आजही अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्यावर काय आहे? हेतू नसताना कोणाच्या हातून माणूस मेला, तर मारणाऱ्याने देश सोडावा. निवाडा एक्कावन्न जणांनी करावा. मृताचा बाप, भाऊ, मुलगे यांनी एकमताने क्षमा केली, तर त्याला परत येता यावे. ज्याचे नाव क्रौर्याचे विशेषण झाले, त्याच्या हातचा जो मजकूर उरला आहे, तो मुद्दाम केलेले आणि चुकून घडलेले यांत भेद करणारा आहे!

हे वाचताना मला गेल्या वर्षीची फुटलेली काच आठवली. वर्गातल्या खिडकीची काच फुटली, म्हणून मी एका मुलाला दोन दिवस वर्गाबाहेर उभे केले होते. कशी फुटली, हे विचारलेच नाही. दुसऱ्याचा धक्का लागून त्याचा तोल गेला होता, हे मागाहून समजले. पण तोवर शिक्षा भोगून झाली होती, आणि मास्तरने चूक कबूल करण्याची आमच्याकडे रीत नाही.

परवाचा प्रश्न त्याच मुलाचा होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ड्रेकोबद्दलचे उत्तर दुरुस्त केले, मग काचेबद्दलचेही. मुलगा काही बोलला नाही. त्याने वही उघडली आणि ‘अतिशय कठोर’ या अर्थापुढे काहीतरी लिहिले. काय लिहिले, ते पाहण्याचा धीर मला अजून झालेला नाही.